एलॉयचं राहिलेलं जावळ

आमच्या ओरुरोच्या बाजारात सातुर्निना कोल्के चुन्यो विकते, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले काळे बटाटे. तिच्या शेजारी माझी गाडी. जांभळ्या मक्याचं गरम पेय आणि चीज भरून तळलेल्या पुऱ्या. आमच्या दोघींच्या मध्ये एक पोतं मावेल एवढी जागा आहे आणि त्या जागेवरून आम्ही आयुष्यभर भांडत आलोय. तेव्हा तिच्याबद्दल मी जे काही सांगेन ते कौतुकाने सांगतेय असं कुणी समजू नये.

बाई बुटकी, आवाज भसाडा, डोक्यावरची गोल टोपी जेवतानासुद्धा काढायची नाही. नवरा ट्रकवर होता. समुद्राकडे इकीकेला माल आणायला गेला तो गेलाच, तिकडे दुसरं घर केलं म्हणे. सातुर्निनाने बातमी ऐकली, नाक शिंकरलं आणि त्याचे नवे बूट त्याच दुपारी गाडीवर विकायला मांडले. तिचा पोरगा एलॉय तेव्हा पाठीवर बांधलेला होता. एकदा बोललेला शब्द गिळायचा नाही, हा तिचा एकच गुण, आणि माझ्या मते तिचा सगळा त्रास त्यातूनच आला.

बाजारामागच्या गल्लीत, कोंबड्या सोलतात त्या जागेला लागून, कासियानो उस्तारेसची खोली होती. दाताचा डॉक्टर. आता त्याचं नाव घेतलं की लोक थुंकतात नाहीतर डोळे पुसतात, पण तेव्हा तो फक्त आमच्या दाढा काढायचा. पक्कड पाठीमागे लपवून यायचा आणि म्हणायचा, "दुखणार नाही, बाई. जराही दुखणार नाही." माझी खालची दाढ त्याने काढली तेव्हा मला तिघांनी धरलं होतं. मी त्याला आईवरून शिवी दिली. तरी उठताना मीच त्याला "देव तुमचं भलं करो" म्हणून आले. त्याची जीभच तशी होती.

मग नगरपालिकेने आम्हाला उठवून गावाबाहेर वाऱ्यात नेऊन बसवायचं ठरवलं. कासियानो टोमॅटोच्या खोक्यावर उभा राहिला आणि असा काही बोलला की मुकादम कागद घेऊन परत गेला. झालं! त्या दिवसापासून त्याला खोक्यावरून खाली उतरणं जमलंच नाही. नगरसेवकपदाला उभा राहिला. गाडीगाडीवर फिरायचा, प्रत्येकीच्या पोराचा मुका घ्यायचा. सातुर्निनाने संधी साधली.

"डॉक्टर, पोर दोन वर्षांचं झालं. ह्याच्या जावळाला धर्मबाप हवाय."

"मी आहे ना!" तो म्हणाला. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार?

जावळ म्हणजे आमच्याकडे खेळ नाही. पोराच्या केसांच्या बारीक वेण्या घालायच्या, एकेकीला रिबीन बांधायची. धर्मबापाने पहिली वेणी कापून ताटात ठेवायची, मग बाकीच्यांनी एकेक कापायची आणि ताटात आपापली भेट टाकायची. पहिली बट ताटात पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी कात्री लावायची नाही. लावली तर पोराचं नशीब सांडतं. असं आमच्या आयांनी सांगितलं आणि आयांना उलट विचारायची आमची टाप नव्हती. बरं, त्या दिवसापासून धर्मबाप आणि पोराची आई एकमेकांचे कोंपाद्रे आणि कोमाद्रे होतात. सख्खी भावंडं भांडून तोंड फिरवतील, हे नातं तुटत नाही.

मेंढीची मुंडकी भाजली होती. बिअर आणली होती. कासियानो कोट घालून आला, टोपीवर रंगीत कागदाचे कपटे. त्याने कपाळावरची वेणी उचलली, लाल रिबिनीची, आणि कचकन कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चौकातून माणूस धावत आला, "डॉक्टर, चला, मिरवणूक खोळंबलीय, रेडिओवाले आलेत!" कासियानोच्या हातात बट तशीच. तो म्हणाला, "आलोच, कोमाद्रे," ती बट कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि निघून गेला.

आम्ही वाट पाहिली. मुंडकी थंड झाली. बिअर मात्र उरली नाही. ताट रिकामंच राहिलं आणि एलॉय कपाळावर टक्कल आणि बाकी डोकंभर रिबिनी घेऊन आईच्या मांडीवर झोपून गेला. कासियानो निवडून आला. त्याने निरोप पाठवला, "पुढच्या रविवारी येतो."

तो पुढचा रविवार म्हणजे काय चीज आहे ते आम्हाला नंतर कळलं.

नगरसेवकाचा महापौर झाला. प्रत्येक वेळी निवडून आला की सातुर्निनाकडे काहीतरी यायचं, एकदा साखरेचं पोतं, एकदा पोराला लोकरीचं जाकीट, आणि सोबत तोच निरोप. पोर चार वर्षांचं असताना डोक्यात उवा झाल्या. मी म्हटलं, "काप गं बाई आता, देवसुद्धा डोळा झाकेल." तिने कात्री उचलली, अजून एकही केस कापला नव्हता. त्याच संध्याकाळी पोराला ताप भरला, असा की हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पाण्यातून आलेला ताप होता, डॉक्टरांनी तसं सांगितलंही. पण सातुर्निनाने कात्री फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातली.

"ताटात पहिली बट नाही," ती म्हणाली. "ज्याने सुरू केलं तोच पुरं करेल."

कासियानो खासदार झाला, राजधानीत, ला पाझला राहायला गेला. मग आरोग्यमंत्री. टीव्हीवर दिसला की आम्ही म्हणायचो, "बघा, दाढा काढता काढता कुठे पोचला!" एलॉय शाळेत जायला लागला. मुलगे मुलींसारखे केस ठेवत नाहीत, म्हणून मास्तरांनी घरी पाठवला. सातुर्निना शाळेत गेली आणि काय बोलली कोण जाणे, पण पोर परत वर्गात बसलं. बसलं खरं, पण पोरं सोडतात होय? "सिन्योरिता एलॉय, नाचता का?" रोज कुठेतरी फाटलेला ओठ, कुठे सुजलेला डोळा. घरी येऊन आईच्या शेजारी पोत्यावर बसायचा आणि टोपी कानांवर ओढायचा. आईला काही बोलायचा नाही. मला राग यायचा. एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, "तुझ्या शब्दाचं ओझं ह्या लेकराच्या डोक्यावर कशाला?" त्यानंतर आमचं बरेच महिने बोलणं बंद होतं, फक्त पोत्याच्या जागेवरून शिवीगाळ तेवढी चालू.

एलॉय अकरा वर्षांचा झाला आणि कासियानो उस्तारेस राष्ट्राध्यक्ष झाला. आमच्या गल्लीतला, कोंबड्यांच्या शेजारचा! बाजारात फटाके फोडले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. सातुर्निना मात्र नाचली नाही. तिने चांगल्यातलं चुन्यो निवडून पोतं भरलं, पोराच्या वेण्या घातल्या आणि बसने ला पाझला गेली.

राजवाड्याच्या दारात लाल डगल्यातल्या शिपायांनी पोत्यात हात घालून बघितला. बसवून ठेवलं. शेवटी तो स्वतः बाहेर आला, हे सातुर्निनाने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असं मला वाटायला लागलंय. त्याने दोन्ही हात पसरले. "कोमाद्रे! अरे वा, माझा लेक केवढा झाला!" मग पोराची टोपी काढली आणि केसांवरून हात फिरवत राहिला. म्हणाला, "काय छान वाढलेत. कुणाला हात लावू देऊ नका हं. मी येतोय पुढच्या रविवारी." फोटो काढला. फोटोत त्याच्या गळ्यात साखळी दिसते, साखळीला छोटी चांदीची डबी. कुणातरी संताची असेल, असं आम्हाला वाटलं.

फोटो तिने चौकटीत घालून गाडीवर टांगला, चुन्योच्या वर.

"चौकटीपेक्षा कात्री आणली असतीस तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"तुझ्या पुऱ्या करपतायत, बासिलिया. तिकडे बघ."

तीन वर्षं त्याने राज्य केलं. शाळांना दूध दिलं, आमच्या बाजाराला पत्रे दिले, ते आजही गळत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. मग एके दिवशी टीव्हीवर येऊन त्याने पेट्रोल आणि गॅस महाग केला. गोड हसून म्हणाला, "सुरुवातीला वाटेल, पण दुखणार नाही, देशबांधवांनो." मी जबड्याला हात लावला. "सातुर्निना," मी म्हटलं, "हा पक्कड घेऊन आलाय."

रस्ते अडले. डोंगराच्या वाटांवर दगड, टायर, माणसं. बटाटा नाही, मका नाही, गॅसच्या टाकीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या ओढतात. खाणकामगार ला पाझला उतरले. कुणी म्हणतं सहा मेले, कुणी म्हणतं जास्त. एका पहाटे विमान उडालं आणि कासियानो देशाबाहेर, आसुन्सिओनला पोचला. राजीनामा मागाहून आला.

लोकांनी सातुर्निनाच्या फोटोवर अंडं फेकलं. तिने शालीच्या टोकाने काच पुसली.

"काढ तो फोटो," मांसवाला ओरडला, "लाज वाटत नाही?"

"तो माझा कोंपाद्रे आहे. नाती काय बाजारभावावर ठरतात का रे? तुझ्या मांसाला वास येतोय ते आधी बघ."

वर्षं गेली. एलॉय वेल्डिंगच्या कारखान्यात लागला, खांबासारखा उंच झाला. केस कमरेपर्यंत, घट्ट वेणी करून शर्टाच्या आत सोडायचा, ठिणगी पडू नये म्हणून. एक पोरगी आवडायची त्याला. ती म्हणाली, "तुझे केस माझ्याहून लांब आहेत, आपला फोटो कसा दिसेल?" हे त्याने मला हसत सांगितलं, पण पुरी अर्धी टाकून उठला. त्याने एकदाच आईजवळ विषय काढला. ती म्हणाली, "ताटात पहिली बट नाही, बाळा." तो बरं म्हणाला. असली पोरं कुठे मिळतात हल्ली!

अठराव्या वर्षी सैन्याचं बोलावणं आलं. सोमवारी बराकीत हजर. पहिल्या दिवशी तिथे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मशीन फिरवतात आणि केस झाडूने लोटतात. सातुर्निनाला तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलेली बघितली.

"माझ्या पोराचं जावळ एखाद्या हवालदाराने काढायचं? इतकी वर्षं मी काय झक मारत राखलं?"

आणि नेमका त्याच महिन्यात कासियानो देशात परतला होता. खटले मिटले होते, निवडणूक यायची होती, भिंतींवर पुन्हा त्याचा चेहरा, थोडा सुटलेला. शनिवारी ओरुरोत त्याची सभा होती. सातुर्निना गर्दीत घुसली, रक्षकाच्या काखेखालून पुढे गेली आणि ओरडली, "कोंपाद्रे! उद्या रविवार आहे!" त्याने ऐकलं. मान हलवली.

रविवारी दुपारी आम्ही बाजारात दोन गाड्यांमधली जागा मोकळी केली. हो, तीच जागा. माझं टेबल, तिचं नक्षीचं कापड, वर ताट. एलॉय स्टुलावर. मी स्वतः वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. अठरा वर्षांच्या दांडग्या पोराच्या डोक्यावर लाल-पिवळ्या रिबिनी, पण कुणी हसलं नाही. ट्रंकेतली कात्री आली. वाळवलेलं लामाचं मांस, अंडी, मका, बिअर, सगळं तयार.

कासियानो आला. मागच्या गल्लीने, एकटाच. केस पांढरे झालेले. एलॉयकडे बघून त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. पण कात्रीला हात लावायचं नाव नाही. सातुर्निनाचा दंड धरून तो हळूच म्हणाला, आता आमच्या बाजारात हळू बोललेलं काही लपतं का?

"कोमाद्रे, एक वर्ष थांबा. निवडणूक होऊ द्या."

"उद्या बराकीत कापतील ना."

"कर्नलशी बोललोय मी. पोराचं नाव वगळतील. फक्त केस राहू द्या."

"का?"

त्याने गळ्यातली साखळी बाहेर काढली. "मी निवडून आलो त्या पहिल्या दिवशी ही बट माझ्या खिशात होती. कोकाची पानं टाकून भविष्य सांगणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं. तो म्हणाला, जोवर त्या पोराचं जावळ पुरं होत नाही तोवर तू चढत जाशील. आणि बघा ना, चढलो की नाही?"

तळणातलं तेल तेवढं चुरचुरत होतं. मला वाटलं ती आता त्याच्या थोबाडीत मारणार. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बिचाऱ्याला देशाच्या कामातून वेळ मिळत नाही.

"म्हणजे तुला यायला जमत नव्हतं असं नाही," ती म्हणाली. आजवर तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "तू येतच नव्हतास."

"कोमाद्रे, मी..."

"आणि मग पडलास कसा? केस तर होते ना डोक्यावर!"

कासियानो चाचरला. "त्या वर्षी... मला नक्की वाटतं, त्या वर्षी कुणीतरी थोडे कापले असणार."

सगळ्यांनी एलॉयकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले.

"बोटभर," तो म्हणाला. "शाळेच्या संडासात. पोरं फार चिडवत होती, आई."

मांसवाल्याने छातीवर क्रूस केला. कासियानोच्या तोंडावर असं काही आलं, जणू कोर्टात निर्दोष सुटला. पण सातुर्निना हसली. भसाड्या आवाजात, टोपी हलेपर्यंत.

"बोटभर केसांनी सरकार पडत असेल तर ते सरकार काय चाटायचं? तू गॅस महाग केलास म्हणून पडलास, मेल्या! माझ्या चुलीत तीन आठवडे जाळ नव्हता!" आणि तिने हात पुढे केला. "दे इकडे."

"काय?"

"माझ्या लेकराचा केस. दे."

देशाचा राष्ट्राध्यक्ष होता तो. त्याने मागे बघितलं, तर मागे आम्हीच. तिचा हात तसाच पुढे. त्याने साखळी डोक्यावरून काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली.

तिने नखाने डबी उघडली. आत लाल रिबीन, विटलेली, तिनेच बांधलेली. आणि केस तांबूस, रेशमासारखे. एलॉयचे केस आता कोळशासारखे काळे. "अगं," ती मला म्हणाली, "हा भुरा होता लहानपणी. मी विसरूनच गेले होते." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडायला लागली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती ती बाई. माझंही नाक वाहायला लागलं, पण ते तेलाच्या धुराने.

मग डोळे पुसून तिने ती बट ताटात ठेवली.

"पहिली बट ताटात पडली," ती मोठ्याने म्हणाली. "धर्मबापाचं काम झालं. आता कुणीही कापा. बासिलिया, तू पहिली ये, फार जीभ चालवलीस इतकी वर्षं."

मी पुढे झाले. कात्री वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेली, बोथट. कशीबशी एक वेणी कापली, ताटात ठेवली. मांसवाला आला, कोंबडीवाल्या आल्या, ती फोटोवाली पोरगीसुद्धा आली. कासियानो तसाच उभा होता. सातुर्निना त्याला म्हणाली, "तुला कापायची असेल तर रांगेत राहा." तो राहिला. कांदेवालीच्या मागे. त्याची पाळी आली तेव्हा मानेवरची एकच वेणी उरली होती, ती त्याने कापली. एलॉय उठला, गार वाऱ्यात डोक्यावरून हात फिरवला आणि येड्यासारखा हसत सुटला.

सोमवारी बराकीतला न्हावी त्याला म्हणाला, "तुझं झालंय की, पुढे हो."

कासियानो निवडणूक हरला, अगदी वाईट हरला. बाजारात अजून म्हणतात की जावळाने हरला. सातुर्निना म्हणते, "जावळाने नाही, मी ह्या वेळी शिक्का दुसरीकडे मारला." पक्षाने त्याला सोडलं, बायको मुलीकडे राहायला गेली. तो आमच्या गल्लीत परत आला, त्याच खोलीत, कोंबड्यांच्या शेजारी. फोटो सातुर्निनाने काढला नाही. कुणाचा गाल सुजलेला दिसला की तीच सांगते, "जा मागच्या गल्लीत, हात हलका आहे माझ्या कोंपाद्रेचा." दुपारी कधीकधी वाटीभर सूपही पाठवते.

मागच्या आठवड्यात तिचीच दाढ ठणकायला लागली. मी सोबत गेले. त्याने तिला खुर्चीत बसवलं, टोपी काढायला सांगितली, तिने काढली नाही. तो पाठीमागे हात घेऊन आला.

"दुखणार नाही, कोमाद्रे. जराही..."

तिने त्याचं मनगट धरलं. "दुखेल म्हणा."

त्याने पक्कड पुढे आणली, तिला दिसेल अशी.

"दुखेल," तो म्हणाला. "बरंच दुखेल."

"हां. आता ओढा," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.